बंदरावर उतरा, तर जेवूनच परता

जगप्रदक्षिणेच्या क्रूझचं कौतुक मराठीत अलीकडे फार ऐकू येतं. सहलकंपन्यांच्या मेळाव्यांत, निवृत्तांच्या कट्ट्यांवर, दिवाळी अंकांतल्या प्रवासवर्णनांत ते एकाच सुरात येतं. सामान एकदाच उघडायचं, खोली बदलायची नाही, जेवणाची चिंता नाही आणि सकाळी पडदा सारला की समोर नवं शहर. साठी ओलांडलेल्या जोडप्याने जग पाहावं तर असंच, असं वर ठासून सांगितलं जातं. यातली पहिली तीन विधानं खरी आहेत. चौथं खरं नाही, आणि ते खरं नसण्याचं कारण तिसऱ्यात आहे. जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून जोडपं दुपारी जेवायला जहाजावर परततं. जेवायला परततं, म्हणून शहर पडद्याबाहेरच राहतं.

क्रूझवर टीका करणारे बहुतेक जण वेळेवर बोट ठेवतात. आठ-नऊ तासांत कुठलं शहर कळतं का, असं ते विचारतात. माझा आक्षेप तो नाही. आठ तास पुष्कळ झाले. परक्या गावात आठ तास मोकळे मिळालेला माणूस बाजार फिरून, पोटभर जेवून, कुणाशी तरी चार वाक्यं बोलून, एखाद्या देवळाच्या सावलीत टेकून परत येऊ शकतो. प्रश्न आहे तो या आठ तासांच्या वाटणीचा. दर्शन गावात आणि जेवण जहाजावर ही वाटणी आता इतकी रूढ झाली आहे की ती कुणाला खटकतही नाही. मला ती खटकते, आणि तिच्या बाजूने जे जे सांगितलं जातं ते तपासून पाहिलं तर त्यातलं फारच थोडं टिकतं.

एकच बंदर घेऊ. क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक. जगप्रदक्षिणेची जहाजं साधारण जानेवारीत निघतात आणि त्यांतली बरीचशी एप्रिलच्या सुमारास भूमध्य समुद्रात शिरतात, तेव्हा हे बंदर त्यांच्या वाटेवर असतं. जहाज लागतं ग्रूझच्या धक्क्याला. तटबंदीतलं जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटरवर. आदल्या रात्री दारात सरकवलेल्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे जोडपं सातला न्याहारी करतं, साडेआठला जहाजावरच्या नाट्यगृहात जमतं, छातीवर बसच्या क्रमांकाची चिकटपट्टी लावून घेतं. बस पिले दरवाजापाशी सोडते. गाइडच्या हातात उंच धरलेली पाटी, प्रत्येकाच्या कानात यंत्र. हा ओनोफ्रियोचा कारंजा, १४३८ चा. बारा किलोमीटरवरून पाणी आणलं होतं. हा फ्रान्सिस्कन मठ, इथली औषधशाळा १३१७ पासूनची. हा स्त्रादून, शहराचा मुख्य रस्ता, तीनशे मीटर. हे संत व्लाहोचं चर्च, हा शहराचा रक्षक संत. मग चाळीस मिनिटं मोकळीक, फ्रिजवर लावायचं एक चुंबक, साडेबाराला बस, एकला नवव्या मजल्यावरच्या बुफेत जेवण. काल दुसऱ्या देशात होतं तेच सॅलड, तीच कापलेली फळं. थोडी झोप, चारला चहा, पाचला जहाज सुटतं. रात्री सूट आणि पैठणी घालून साग्रसंगीत भोजन. वहीत नोंद होते: दुब्रोव्हनिक झालं.

त्या दिवशी त्या शहरात खरोखर काय चाललं होतं ते पाहा. कवी इव्हान गुंदुलिच याच्या पुतळ्याभोवतीच्या चौकात सकाळी भाजीबाजार भरतो. आसपासच्या गावांतून आलेल्या बायका अंजीर, साखरेत घोळलेले बदाम, पाकवलेल्या संत्र्याच्या साली, ऑलिव्हचं तेल विकायला बसतात. दुपारच्या सुमाराला बाजार उठतो आणि चौक जेवायला येणाऱ्यांच्या ताब्यात जातो. शहर जेवायला बसतं नेमकी ती वेळ आपलं जोडपं बसच्या रांगेत काढतं. पन्नासेक किलोमीटरवरच्या माली स्तोनच्या खाडीत शतकानुशतकं कालवं वाढवली जातात. ती त्यांच्या ताटात येत नाहीत. माकूळच्या शाईत शिजवलेला काळा भात येत नाही, रोझाता नावाचं दुधाअंड्याचं गोड येत नाही. जहाजाचा शिधा बहुतांशी ठरलेल्या मोठ्या बंदरांत कंटेनरने चढवलेला असतो. त्यामुळे खिडकीबाहेर एड्रियाटिक समुद्र असला तरी ताटातला मासा भलतीकडचा असण्याचीच शक्यता जास्त.

आणि फक्त चवीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. जेवायला बसणं ही परक्या गावात स्थिर बसण्याची एकमेव सन्मानाची सबब आहे. संग्रहालयात पाय दुखतात, दुकानात काही घ्यावं लागतं, रस्त्यात उभं राहिलं तर गर्दी ढकलते. जेवणाच्या टेबलावर मात्र तासभर कुणी उठवत नाही. वाढणाऱ्याला दोन प्रश्न विचारता येतात, शेजारच्या टेबलावरचं कुटुंब पाहता येतं, बायकोशी शांतपणे बोलता येतं. संत व्लाहोच्या चर्चचंच उदाहरण घ्या. संत व्लाहो म्हणजे पोर्तुगिजांचा साओ ब्राझ. जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी गावात या संताचं सोळाव्या शतकातलं चर्च आहे. रागुसाच्या, म्हणजे जुन्या दुब्रोव्हनिक प्रजासत्ताकाच्या व्यापाऱ्यांनी ते आपल्या शहरातल्या चर्चच्या धर्तीवर बांधलं, असं सांगितलं जातं. मराठी जोडप्याला त्या शहरातला हा सर्वांत जवळचा धागा. कानातल्या यंत्रातून संतावर दोन वाक्यं येतात आणि पाटी पुढे सरकते; आपण भारतातून, गोव्याच्या शेजारून आलो हे सांगायला आणि त्यावर समोरच्याचं उत्तर ऐकायला कुणी उरत नाही. तशीच १९९१ ची गोष्ट. त्या वर्षी, युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात, शहराला वेढा पडला, ६ डिसेंबरला जुन्या शहरावर तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. छपरांवरची नवी कौलं गाइड दाखवतो. पण पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक दुब्रोव्हनिककरांनी ते दिवस स्वतः काढले आहेत, आणि अशी आठवण माणूस पाटी धरून चालताना सांगत नाही, बसल्यावर सांगतो.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे.

सर्वांत मोठा मुद्दा पैशाचा. क्रूझमुळे बंदरांची पोटं भरतात, असं सांगितलं जातं. हा पैसा कुठून कुठे जातो ते पाहू. सहलीचं तिकीट जोडप्याने जहाजावर काढलेलं असतं. त्यातला मोठा हिस्सा जहाजकंपनी ठेवते. उरलेल्यात स्थानिक ठेकेदार, बस, गाइड. बंदराचं शुल्क बंदराला मिळतं. चुंबक बहुधा त्या शहरात बनलेलं नसतं. खानावळवाला, कोळी, कालवं वाढवणारा, बाजारात बसलेली बाई यांच्यापर्यंत जवळजवळ काही पोहोचत नाही. हॉटेलात रात्र काढणारा प्रवासी त्याच शहरात तीनदा खातो. जहाजावरचा प्रवासी रस्ता अडवतो, सावली वापरतो आणि भुकेच्या वेळी निघून जातो. हे मी रागाने म्हणत नाही; त्या शहराने स्वतः हाच हिशेब मांडला आहे. १९९१ मध्ये तटबंदीच्या आत पाच हजारांच्या आसपास लोक राहत होते, आज ते दोन हजारांच्याही खाली आले आहेत. जुन्या शहरात एका दिवशी आठ हजारांहून जास्त माणसं असू नयेत, असं युनेस्कोने सुचवलं. मग महापौर मातो फ्रान्कोविच यांच्या काळात जहाजकंपन्यांशी करार होऊन एका वेळी दोनच जहाजं, असं ठरलं. आणि आलेलं जहाज किमान आठ तास थांबावं असा आग्रह शहराने धरला. नुसतं जहाज लागल्याने गावाचं पोट भरत असतं, तर जास्त वेळ थांबा असं कुणी कशाला सांगितलं असतं? जास्त वेळ थांबा याचा अर्थ, आमच्याकडे जेवा.

जहाजाने कोणत्या अटीवर आत यावं हे ठरवण्याची या शहराची रीत फार जुनी आहे. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांनी एक महिना बाहेर थांबावं, मगच आत यावं, असा कायदा दुब्रोव्हनिकने १३७७ साली केला. विलगीकरणाचा जगातला हा पहिला लिखित कायदा समजला जातो. पूर्वेकडच्या दरवाजाबाहेर नंतरच्या काळात बांधलेल्या लाझारेतीच्या लांबट इमारती आजही उभ्या आहेत. ज्या शहराचं सगळं वैभव समुद्रावर उभं होतं, त्याने येणाऱ्या जहाजांना अटी घालायला तेव्हाही भीड बाळगली नाही. व्हेनिसमध्येही शेवटी तेच झालं. २०१९ च्या जूनमध्ये एक प्रचंड क्रूझ जहाज जुदेक्का कालव्यात धक्क्याला आणि एका नदीबोटीला धडकलं. २०२१ पासून इटली सरकारने अशा मोठ्या जहाजांना तो कालवा बंद केला. बंदरांनी अटी घातल्या की क्रूझवाले पर्यटनद्रोहाची ओरड करतात. ती ओरड चुकीची आहे. यजमानाने वेळ ठरवून देणं म्हणजे पाहुण्याला हाकलणं नव्हे.

मग जहाज पाचलाच का सुटतं, असा प्रश्न पडतो. समुद्राचं अंतर, पुढच्या बंदरातली जागा ही कारणं असतातच. पण आणखी एक आहे. बहुतेक बंदरांत जहाज धक्क्याला असताना त्यावरची करमुक्त दुकानं आणि कॅसिनो बंद ठेवावी लागतात. ती उघडतात जहाज खुल्या समुद्रात गेलं की. संध्याकाळी जोडपं जहाजावर असणं कंपनीच्या फायद्याचं आहे. दारू, मसाज, छायाचित्रं, जुगार यांतून वरकमाई तिथेच होते. त्यात बंदरांची संख्या जितकी मोठी तितकी जाहिरात सोपी. कनार्ड कंपनीचं ‘लाकोनिया’ १९२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून जगप्रदक्षिणेला निघालं, तेव्हा १३० दिवसांत २२ बंदरं घेतली होती. वायकिंग कंपनीने २०१९ साठी जाहीर केलेली प्रदक्षिणा २४५ दिवसांची आणि १११ बंदरांची होती. पूर्वी सहा दिवसांमागे एक बंदर, आता जेमतेम सव्वादोन दिवसांमागे एक. जास्त देश पाहिले असं वाटावं म्हणून प्रत्येक देशाच्या वाट्याचा वेळ कापला जातो, आणि त्यात पहिली कात्री लागते ती दुपारच्या जेवणाला.

पुढचा मुद्दा वयाचा, आणि तो मला मान्य आहे. गुडघे गेलेले, मधुमेहाची औषधं सांभाळणारे, रात्री-अपरात्री डॉक्टर जवळ हवा असलेले लोक जहाजामुळेच जग पाहू शकतात. जहाजावर दवाखाना असतो, लिफ्ट असते, चाकाच्या खुर्चीची सोय असते. विमानतळांवरची धावपळ आणि रोज नव्या हॉटेलात चढ-उतार करण्यापेक्षा हे फार बरं. अशा जोडप्यांची जे थट्टा करतात त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. पण याच जोडप्यांसाठी दुपारी गावात जेवणं जास्त सोयीचं नाही का? दुब्रोव्हनिकच्या तटावरची फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, पायऱ्यांची, उन्हातली. ती त्यांना नकोच. स्त्रादून सपाट आहे. ग्रूझमध्ये धक्क्यापासून थोड्या अंतरावर भाजीचा आणि मासळीचा बाजार आहे, जवळपास खानावळी आहेत. ज्यांना चालवत नाही त्यांनी चाळीस माणसांच्या घोळक्यामागे तीन तास धावायचं आणि ज्यांना चालवतं त्यांनीही तेच करायचं, यात वयाचा विचार कुठे आला?

बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर, ही भीती घरोघरी ऐकू येते. काळजी घ्यावी, गरम आणि ताजं मागवावं, पाणी बाटलीतलं प्यावं. पण जहाज सुरक्षित आणि गाव धोक्याचं हा समज सोडून द्या. बंद जागेत हजारो माणसं एकाच बुफेच्या पळ्या हाताळतात, तिथे पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथी वारंवार येतात. अमेरिकेची आरोग्ययंत्रणा त्यांची नोंद ठेवते. २०२० मध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना करोना झाला होता, हे कुणी विसरलं नसेल.

शाकाहारी माणसाने काय करावं? दुब्रोव्हनिक ज्या दाल्मेशिया भागात आहे तिथे ब्लित्वा मिळते. पालकासारखी पालेभाजी बटाट्याबरोबर उकडून लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेली. ती बहुतेक खानावळींत असते आणि आपल्याकडच्या बहुतेकांना चालेल. सोबत पाव, पाग बेटावरचं मेंढीच्या दुधाचं चीज, अंजिरं. भूमध्य समुद्राच्या बहुतेक बंदरांत डाळी, भाज्या, पाव, तेल यांवर माणूस सुखाने जेवू शकतो. जहाजावर आपल्यासाठी खास वरण-भात करतात याचं कौतुक मला समजतं. शंभर-सव्वाशे दिवसांच्या प्रवासात तो हवाच. पण तो रात्री मिळणारच आहे.

राहिला कर्मचाऱ्यांचा मुद्दा, आणि तो मराठी-कोकणी माणसाने मनावर घ्यायला हवा. आपण जहाजावर जेवलो नाही तर त्या पोरांचं काय, असं मायेपोटी विचारलं जातं. ती पोरं परकी नाहीत. गोव्यातली किती तरी घरं पिढ्यानपिढ्या तारवटींच्या, म्हणजे खलाशांच्या, कमाईवर उभी राहिली. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, जहाज मिळेपर्यंत त्यांनी दिवस काढले. ‘डायमंड प्रिन्सेस’वर अडकलेल्या १३८ भारतीयांत प्रवासी फक्त सहा होते, १३२ जण तिथे नोकरीला होते. म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचं तर खरं बोलू. समुद्री कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास आणि आठवड्याला बहात्तर तास कामाची मुभा देतो. न्याहारी, दुपार, रात्र अशा तीन पाळ्यांत वाढणारा मुलगा कित्येक महिने एकही पूर्ण सुट्टी न घेता काम करतो. बहुतेक कंपन्यांत सेवाशुल्क दर माणशी दर दिवशी आकारलं जातं. तुम्ही दुपारी टेबलावर बसलात की नाही यावर ते अवलंबून नसतं. तुम्ही गावात जेवलात तर त्याच्या कमाईतला रुपया कमी होत नाही. ओळीतली दोन ताटं मात्र कमी होतात, आणि अशी पुष्कळ ताटं कमी झाली तर बंदराच्या दिवशी त्याला किनाऱ्यावर उतरून घरी फोन करायला अर्धा तास मिळण्याची शक्यता वाढते. आपल्या गोव्याच्या पोराचं भलं करायचं असेल तर त्या दुपारी त्याच्याकडून वाढून घेऊ नका.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर आपल्याच शहराकडे पाहा. मुंबईत बॅलार्ड पिअरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. परदेशी जहाजावरून उतरलेलं जोडपं वातानुकूलित बसमध्ये बसतं, गेटवे, मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहतं आणि दुपारी जहाजावर परततं. त्या धक्क्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर बॅलार्ड इस्टेटीत १९२३ पासून चालू असलेलं ब्रिटानिया आहे. ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचंच हॉटेल, तिथला बेरी पुलाव शहराची ओळख आहे. फोर्टात मालवणी खानावळी आहेत, उडुप्यांची हॉटेलं आहेत, चाकरमान्यांची शतकभराची भूक भागवलेल्या गल्ल्या आहेत. मुंबई कळते ती दुपारी एक ते दोन या तासात फोर्टात बसून. तो तास बस जहाजाच्या शिडीपाशी घालवते. परदेशी पाहुणे आपल्या शहराशी असं वागतात ते आपल्याला आवडणार नसेल, तर दुब्रोव्हनिकमध्ये, सांतोरिनीत, कोलंबोत आपणही तसं वागू नये.

म्हणून मराठी सहलकंपन्यांना माझी मागणी आहे: जगप्रदक्षिणा विकताना बंदरांची संख्या छापू नका, प्रत्येक बंदरातले तास छापा, रात्रीचा मुक्काम कुठल्या बंदरात आहे ते छापा. आपल्या गटाच्या सहलीत बारा ते अडीच मोकळे ठेवा आणि गावातल्या दोन-चार खानावळींची नावं हातात द्या. जाणाऱ्या जोडप्यांना विनंती एवढीच, की पैसे भरण्याआधी हे तास विचारून घ्या. सकाळची सहल अर्ध्या दिवसाची घ्या, सहल संपल्यावर बसने परतू नका. जहाजावर चढायची वेळ कागदावर लिहून जवळ ठेवा आणि तिच्या दीड-दोन तास आधी निघायचं ठरवून निवांत जेवा. परतीच्या टॅक्सीला चार पैसे जातील, ते जाऊ द्या.

आणि मुंबई बंदराने, नव्या टर्मिनलवर जहाजांची गर्दी होण्याआधी, येणाऱ्या प्रत्येक जहाजाला किमान मुक्कामाची अट घालावी. ती आठ तासांची नको, रात्रीची हवी.